पीएसपीवर पावकी, आणि ६.६१ पर्यंतची सगळी कुलपं

पीएसपी म्हणजे सोनीचं हातात धरून खेळायचं गेमचं मशीन, आणि त्याचं शेवटचं फर्मवेअर, म्हणजे मशीन चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, ते ६.६१. ते जानेवारी २०१५ मध्ये आलं आणि त्यानंतर कंपनीने या मशीनसाठी नवीन काही काढलंच नाही. माझ्याकडच्या ३००० मॉडेलवर तेच ६.६१ आहे, आणि त्यावर मी स्वतः सी मध्ये लिहिलेला पाढ्यांचा प्रोग्रॅम मस्त चालतो, माझा भाचा संध्याकाळी त्यावर पावकी निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, म्हणत बसतो. ऑफिसात हे सांगितलं की ज्यांना यातलं थोडं कळतं ते पहिला प्रश्न हाच विचारतात, अगं कंपनी दहा वर्षं अपडेट पाठवून नेमकं हेच बंद करत होती ना, मग सगळ्यात शेवटच्या अपडेटवर तुझं कसं काय चालतं? प्रश्न अगदी बरोबर आहे. दर वेळी चहाच्या कपाबरोबर अर्धवट उत्तर देते आणि मीटिंग लागते, म्हणून आज एकदा सगळं नीट लिहून काढते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, होमब्रू म्हणजे कन्सोलच्या कंपनीची परवानगी न घेता लोकांनी स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम. गेम असतील, पुस्तक वाचायचं अ‍ॅप असेल, कॅल्क्युलेटर असेल, काहीही. मशीन आपण पैसे मोजून घेतलेलं, प्रोग्रॅम आपण लिहिलेला, तरी मशीन तो चालवत नाही कारण त्यावर कंपनीची सही, म्हणजे फाइल कंपनीने मान्य केल्याची डिजिटल खूण, नसते. सगळं भांडण या सहीचं आहे.

पीएसपी जपानमध्ये डिसेंबर २००४ मध्ये आला. त्या पहिल्या १.०० फर्मवेअरमध्ये मेमरी स्टिकवरच्या प्रोग्रॅमची सही तपासलीच जात नव्हती, म्हणजे फाइल ठेवा आणि चालवा. अमेरिकेत मार्च २००५ मध्ये आला तो १.५० घेऊन, त्यात तपासणी होती, पण काही महिन्यांतच लोकांनी केएक्सप्लॉइट काढलं, त्यात एकाच नावाचे दोन फोल्डर करायचे आणि एकाच्या नावाच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह लावायचं, बास. तपासणी एका फोल्डरची व्हायची आणि चालायचं दुसऱ्यातलं. मेनूत त्याच्या शेजारी एक खराब डेटा म्हणून आयकॉन दिसायचा, तो नुसता पडून असायचा, कोणी त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. मग २.०० आलं, त्यात वेब ब्राउझर दिला, आणि २००५ मध्ये हातातल्या गेमच्या मशीनवर ब्राउझर म्हणजे लोकांनी धावत जाऊन अपडेट मारलं. केएक्सप्लॉइट बंद. पण त्याच २.०० मध्ये फोटो दाखवणाऱ्या भागात टिफ प्रकारच्या चित्राचा एक बग होता, मुद्दाम बिघडवलेलं चित्र उघडलं की आतला कोड चालायचा आणि त्या वाटेने परत १.५० वर उतरता यायचं. कंपनीने २.०१ काढून ते बुजवलं. मग लोकांना लिबर्टी सिटी स्टोरीज या गेमच्या सेव्ह फाइलमध्ये वाट सापडली. असं ते चालूच राहिलं. दार बंद, खिडकी उघडी, खिडकी बंद, कौल सरकवा.

आणि अपडेट नको म्हणून वाय-फाय बंद ठेवलं तरी सुटका नव्हती बरं का, कारण नवीन गेमची डिस्क घेतली की त्या डिस्कवरच अपडेट असायचं आणि गेम म्हणायचा आधी हे टाका मग मी चालू होतो. म्हणजे नवीन गेम खेळायचा की आपला प्रोग्रॅम चालवायचा, एक काहीतरी निवडा.

मला सगळ्यात जास्त आवडते ती बॅटरीची गोष्ट. २००७ मध्ये पॅन्डोरा बॅटरी म्हणून प्रकार निघाला. पीएसपीच्या बॅटरीत एक छोटी मेमरी चिप असते, तिच्यात बॅटरीचा सिरियल नंबर असतो, आणि तो नंबर सगळा एफ एफ एफ असा केला की पीएसपीला वाटतं आपण सर्व्हिस सेंटरमध्ये आहोत. मग तो स्वतःच्या आतलं फर्मवेअर सोडून मेमरी स्टिकवरून बूट होतो. कंपनीच्या दुरुस्तीवाल्यांसाठी ठेवलेली वाट ती. नंबर बदलायला सॉफ्टवेअर होतंच, पण ज्यांच्याकडे चालणारा दुसरा पीएसपी नव्हता ते बॅटरीचं कवच उघडून त्या चिपचा एक पाय उचलून ठेवायचे, तरी काम व्हायचं! चिप वाचताच येत नाही म्हटल्यावर मशीन तोच अर्थ काढायचं. बंद पडलेले, अपडेट अर्धवट राहिलेले किती पीएसपी या एका युक्तीने परत उठले असतील. हे फक्त गेमच्या हौशीचं काम नव्हतं, ही दुरुस्ती होती, आणि ती लोकांनी स्वतःच्या हातांनी केली. पुढच्या मदरबोर्डांवर कंपनीने ही वाटही बंद केली, ३००० मॉडेलवर ती जुनी बॅटरी चालत नाही, म्हणून माझ्या मशीनचं उत्तर तिथे नाही. ते बऱ्याच लांबून येतं, प्लेस्टेशन ३ मधून.

इथे जरा माझ्या कामाचं सांगते. मी भोसरीला एका कंपनीत कंट्रोलर बोर्डांचं फर्मवेअर लिहिते. आमच्या बोर्डातसुद्धा बूटलोडर, म्हणजे चालू होताच सगळ्यात आधी धावणारा छोटा प्रोग्रॅम, आधी सही तपासतो आणि मगच कोड चालवतो, आणि तो तपासायलाच हवा, कारण त्या बोर्डावर कारखान्यातले दाब देणारे प्रेस चालतात, कोणीतरी पेन ड्राइव्हवरून काहीही टाकलं आणि प्रेस नको तेव्हा खाली आला तर माणसाचा हात जाईल. त्यामुळे सही नावाच्या गोष्टीशी माझं काही वैर नाही. उलट मी रोज तेच करते. माझं म्हणणं फक्त एवढंच आहे की सही कोणासाठी तपासली जातेय ते बघा. प्रेसचा मालक आम्हाला सांगतो की बाबा हे बंद ठेवा, त्याच्या कामगाराच्या जिवासाठी. पीएसपीच्या मालकाने कोणाला सांगितलं होतं?

तर प्लेस्टेशन ३. तो २००६ मध्ये आला तेव्हा त्यात अदर ओएस नावाची सोय होती, म्हणजे कंपनीनेच सांगितलं होतं की यावर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाका. लोकांनी टाकलं. अमेरिकेच्या हवाई दलाने तर १,७६० प्लेस्टेशन ३ जोडून एक सुपरकॉम्प्युटर उभा केला. आणि १ एप्रिल २०१० ला ३.२१ हे फर्मवेअर आलं आणि त्याने ही सोयच काढून टाकली. विकत घेताना खोक्यात असलेली गोष्ट, तीन साडेतीन वर्षांनी अपडेट पाठवून काढून घेतली. अपडेट घेत नाही म्हणालात तर ऑनलाइन खेळणं बंद, नवीन गेम बंद. अमेरिकेत ग्राहकांनी दावा लावला, तो वर्षानुवर्षं चालला आणि शेवटी कंपनीला तडजोड करून पैसे द्यावे लागले. पण लिनक्स काही परत आलं नाही.

आता गंमत बघा, तोपर्यंत प्लेस्टेशन ३ कोणी पुरता फोडला नव्हता, कारण ज्यांना हे जमलं असतं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना लिनक्स मिळालं होतं, त्यांना फोडायची गरजच नव्हती. सोय काढली आणि तीच माणसं कामाला लागली. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनला केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकर लोकांच्या परिषदेत फेलओव्हरफ्लो नावाच्या गटाने सगळ्यांसमोर दाखवलं की कंपनीच्या सहीची गुप्त किल्लीच काढता येते. हे कसं, ते मी मुद्दाम सविस्तर सांगते कारण ते इतकं सुंदर आहे आणि त्याला दहावीच्या बीजगणितापलीकडे फारसं काही लागत नाही.

ईसीडीएसए या गणिती पद्धतीने सही करताना दर वेळी एक नवा आकडा घ्यावा लागतो, जो कोणालाच माहीत नसतो आणि पुन्हा कधी वापरायचा नसतो. सही तयार होते ती त्या आकड्यातून, फाइलच्या हॅशमधून, म्हणजे फाइलवरून काढलेल्या ठशातून, आणि गुप्त किल्लीतून. एक सही म्हणजे एक समीकरण, त्यात अज्ञात दोन, तो आकडा आणि किल्ली. एका समीकरणातून दोन अज्ञात निघत नाहीत, म्हणून सही सुरक्षित. दुसरी सही घेतली तर दुसरं समीकरण मिळतं खरं पण आकडा नवा असल्याने एक अज्ञातही वाढतो, म्हणजे परत तेच. प्लेस्टेशन ३ च्या सह्यांमध्ये तो आकडा बदलतच नव्हता. दर फाइलला तोच. म्हणजे दोन सह्या घेतल्या की दोन समीकरणं आणि अज्ञात दोनच. एकातून दुसरं वजा करा, किल्ली जाते, आकडा उरतो, तो काढा, परत ठेवा, किल्ली हातात. दोन चलांतील रेषीय समीकरणे, आपल्या दहावीच्या पुस्तकातला पहिला धडा! फरक इतकाच की आकडे प्रचंड मोठे असतात आणि भागाकार घड्याळी गणिताने करायचा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही घेऊन लहान आकडे धरून खरंच सोडवून बघितलं, आणि किल्ली निघाली तेव्हा जो आनंद झाला तो मला अजून आठवतो. पुढे जानेवारी २०११ मध्ये जॉर्ज हॉट्झ नावाच्या अमेरिकन हॅकरने प्लेस्टेशन ३ ची मुख्य किल्ली जाहीर केली, कंपनीने त्याच्यावर दावा लावला आणि एप्रिलमध्ये तडजोड झाली.

पण यात पीएसपी कुठे आला? तर प्लेस्टेशन ३ वर पीएसपीचे छोटे मिनीज गेम चालायचे, म्हणजे त्याच्या पोटात पीएसपीचा एमुलेटर, पीएसपीची नक्कल करणारा प्रोग्रॅम, होता. आणि पीएसपीची तपासणी वेगळ्या जातीची आहे, त्यात गुप्त किल्ली वेगळी आणि तपासायची किल्ली वेगळी असा प्रकार नाही, ज्या किल्लीने तपासायचं त्याच किल्लीने शिक्का मारताही येतो. खऱ्या पीएसपीत ती किल्ली कर्क नावाच्या सुरक्षेच्या भागात, सिलिकॉनमध्ये म्हणजे चिपमध्येच पुरलेली आहे, ती बाहेर काढणं महाकठीण. पण एमुलेटरला गेम चालवायचा तर त्यालाही त्याच किल्ल्या द्याव्या लागणार, त्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेल्या होत्या. प्लेस्टेशन ३ उघडला आणि त्या किल्ल्या समोर आल्या. २०११ च्या सुरुवातीपासून कोणीही आपल्या प्रोग्रॅमवर असा शिक्का मारू शकतो की पीएसपीला तो अस्सल वाटतो.

आणि म्हणून ६.६१. कंपनीने २०११ नंतरही अपडेट काढली, छोट्या छोट्या वाटा बुजवल्या, पण ही मुख्य किल्ली बदलता येत नव्हती, कारण ती लाखो मशीनच्या सिलिकॉनमध्ये आहे आणि आधी विकलेल्या सगळ्या गेमवर तोच शिक्का आहे. किल्ली बदला म्हणजे लोकांच्या कपाटातल्या डिस्क बंद पडणार. ऑफिसातल्या त्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. सॉफ्टवेअरने जे बसवलं ते सॉफ्टवेअरने दुरुस्त होतं, सिलिकॉनमध्ये जे गेलं ते गेलं.

हेच निन्टेन्डो स्विच या कन्सोलचं. २०१८ च्या एप्रिलमध्ये केट टेमकिन या संशोधक बाईंनी फ्युझे जेले नावाने त्यातला बग जाहीर केला, तो एनव्हिडियाच्या टेग्रा एक्स १ चिपच्या बूट रॉममध्ये, म्हणजे चालू होताना सगळ्यात आधी वाचल्या जाणाऱ्या कोडमध्ये, होता, यूएसबीच्या रिकव्हरी मोडमध्ये. रॉम कारखान्यातच चिपमध्ये कोरली जाते, त्यामुळे तोपर्यंत विकलेल्या सगळ्या स्विचमध्ये तो बग कायमचा राहिला, कितीही अपडेट मारा. कंपनीने नव्या मशीनमध्ये सुधारणा केली, जुन्यांना हात लावता आला नाही. स्विचमध्ये अजून एक गोष्ट आहे जी मला फर्मवेअरवाली म्हणून बघायला फार रंजक वाटते आणि ग्राहक म्हणून अजिबात आवडत नाही, ती म्हणजे फ्यूज. चिपमध्ये बारीक बारीक फ्यूज असतात, ठरावीक अपडेटबरोबर एक एक जाळला जातो. जळालेला फ्यूज परत जुळत नाही. जुनं फर्मवेअर टाकायला गेलात तर ते सुरू होताना मोजतं की किती जळालेत, अपेक्षेपेक्षा जास्त दिसले की चालायला नकार. म्हणजे अपडेटची एक खूण म्हणून तुमच्या घरातल्या वस्तूचा एक कण कायमचा बदलला जातो, आणि तुम्ही दाबलेलं बटण असतं नुसतं ओके.

आणि अपडेट नेहमी निरुपद्रवी असतात असंही नाही. निन्टेन्डोच्याच वी कन्सोलचं ४.२ हे अपडेट सप्टेंबर २००९ मध्ये आलं, त्याने बूटचा दुसरा टप्पा, म्हणजे बूट २, नव्याने लिहिला, होमब्रू काढून टाकायच्या नादात. बूटचा भाग लिहिताना काही चुकलं तर मशीन उठतच नाही, आमच्याकडे तर त्या भागाला हात लावायचा म्हणजे दोन वरिष्ठांची परवानगी लागते. त्या अपडेटने काही लोकांचे वी बंद पडले, आणि त्यात ज्यांनी होमब्रू हा शब्दही ऐकला नव्हता असेही होते. माझ्या मते हे अक्षम्य आहे. ग्राहकाच्या भल्याचं काही त्यात असतं तर धोका पत्करला असं म्हणता आलं असतं.

मी अपडेटच्या विरोधात नाही. पीएसपीचं ३.५० आलं आणि गेमना प्रोसेसर पूर्ण ३३३ मेगाहर्ट्झवर चालवायला मिळाला, आधी तो २२२ वर बांधलेला होता. ब्राउझर दिला तोही अपडेटनेच. चांगली कामं केली कंपनीने. माझी तक्रार आहे ती एकाच पुडक्यात दोन्ही बांधण्याबद्दल. माझ्या सोयीचं आणि माझ्यावर बंधन घालणारं एकाच फाइलमध्ये, आणि वेगळं करून घ्यायची मुभा नाही.

आणि हे करता येत नाही असंही नाही ना. याच सोनीने १९९० च्या दशकात नेट यारोझे नावाचा काळा प्लेस्टेशन विकला होता, हौशी लोकांनी घरी बसून स्वतःचे गेम लिहावेत म्हणून. प्लेस्टेशन २ साठी लिनक्सचा किट विकला. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये एक्सबॉक्स वनला डेव्हलपर मोड दिला, दुकानातून घेतलेलं साधं मशीन, नोंदणी केली की त्यावर तुमचा प्रोग्रॅम चालतो. म्हणजे कंपन्यांना माहितेय कसं करायचं ते. माझी मागणी तर याहून साधी आहे. ज्या दिवशी तुम्ही एखाद्या मशीनसाठी दुकान बंद करता, जसं जुलै २०२१ मध्ये पीएसपीवरून गेम विकत घेणं बंद केलं, त्या दिवशी एक शेवटचं अपडेट काढा आणि कुलूप उघडून द्या. विकायला काही उरलं नाही तर राखताय काय?

आता चोरीच्या गेमचं बोलायलाच हवं, कारण कंपनीचं उत्तर कायम तेच असतं आणि ते खोटं नाही. ज्या वाटेने माझे पाढे आत जातात त्याच वाटेने फुकटचे गेमही जातात. पुण्यात त्या काळात मेमरी स्टिक भरून देणारे कमी नव्हते. मी ते करत नाही आणि ज्याला शिकवते त्याला आधी हेच सांगते, कारण कोडवर पोट असणाऱ्या माणसाने दुसऱ्याचा कोड चोरावा हे मला पटत नाही. आपल्या कायद्यातही हा फरक आहे, कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५ ए हे कलम आलं, तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा, पण त्यात स्पष्ट लिहिलंय की हक्काचं उल्लंघन करायच्या हेतूने तोडलं तर. हेतू हा शब्द कायद्याने आवर्जून घातलाय आणि मला तो फार योग्य वाटतो. मी वकील नाही, कोणाला धंदा करायचा असेल त्याने वकिलालाच विचारावं, पण स्वतःच्या मशीनवर स्वतः लिहिलेला पाढा म्हणणं आणि दुसऱ्याचा गेम उतरवून वाटणं या दोन गोष्टी एका पारड्यात टाकू नका.

तर पाढे. आमच्या बाबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं तोंडपाठ. मंडईत भाजीवाल्याने पावशेराचे भाव सांगितले की त्यांचा हिशेब तयार असतो. भाच्याला शाळेत हे नाही, त्याला तीस पर्यंतचे पाढे आणि पुढे कॅल्क्युलेटर. बाबा शिकवायला बसले की तो पळतो. मोबाइल द्यायचा नाही असं वहिनीचं ठाम म्हणणं, आणि ते बरोबरच आहे, मोबाइलवर पाढे उघडले की पाच मिनिटांत तो व्हिडिओ बघत असतो. पीएसपीवर आता धड काही ऑनलाइन उघडतच नाही, त्यामुळे तो उत्तम. बटणं खरी आहेत, दाबली की कळतं दाबली.

लिहायला बसले तेव्हा पहिली अडचण देवनागरीची. पीएसपीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी आहे, जपानी आहे, आपली लिपी नाही. आणि देवनागरीला नुसता फॉन्ट टाकून भागत नाही, दिडकी मधली पहिली वेलांटी द च्या नंतर येते पण काढायची आधी, सव्वा मधलं जोडाक्षर, पूर्णांक मधला रफार, हे सगळं जागेवर बसवणारं इंजिन लागतं. मोबाइलमध्ये ते असतं म्हणून आपल्याला कधी जाणवत नाही. मी सोपा मार्ग धरला, जेवढे शब्द लागणार तेवढे लॅपटॉपवर नीट चित्रं करून घेतले आणि एका मोठ्या पट्टीत ओळीने ठेवले, प्रोग्रॅम फक्त कुठल्या जागेपासून कुठपर्यंतचा तुकडा स्क्रीनवर मारायचा ते बघतो. ४८० बाय २७२ चा स्क्रीन, त्यात मध्यभागी मोठ्ठं सात दिडके आणि खाली तीन उत्तरं, साडेदहा, पावणेअकरा, सव्वाअकरा. त्रिकोण, चौकोन, गोल, जे बटण त्याचं उत्तर. बरोबर आलं की बाबांचा आवाज. हो, आवाज बाबांचाच आहे, दुपारी फॅन बंद करून, खिडक्या लावून सगळं रेकॉर्ड केलं, खालून भंगारवाला ओरडत गेला की थांबायचं आणि परत म्हणायचं, आणि बाबांनी एकदाही कंटाळा केला नाही. वेव्ह फाइल्स मेमरी स्टिकवर वेगळ्या ठेवल्यात आणि लागेल ती तेवढीच वाचते, ३००० मध्ये ६४ एमबी रॅम आहे खरी पण जुन्या १००० मॉडेलला ३२ च आहे, उद्या कोणाला जुन्यावर चालवायचं असेल तर अडू नये.

टूल्स सगळी फुकट मिळतात, पीएसपीडेव्ह म्हणून संच आहे, जगभरच्या लोकांनी वर्षानुवर्षं फुकट राबून तयार केलाय आणि आजही सांभाळतात, त्यांचे आभार मानावे तेवढे कमी. शेवटी एक ईबूट.पीबीपी फाइल तयार होते, ती पीएसपी फोल्डरच्या आत गेम फोल्डरमध्ये स्वतःच्या नावाच्या फोल्डरात टाकायची. आयकॉन १४४ बाय ८० चा, त्यावर भाच्याने स्वतः पाटी काढली आहे. पहिल्यांदा चालू झालं तेव्हा त्याने काय विचारलं असेल तर, आत्या हे तू दुकानातून आणलंस का? मी म्हटलं नाही रे, हे आपण केलंय. मग त्याचे डोळे चमकले आणि पुढचा प्रश्न, मग मी पण करू शकतो? यासाठी तर सगळं चाललंय ना! आठवीतल्या मुलाला हा प्रश्न पडावा आणि उत्तर हो असावं, एवढ्यासाठी ते कुलूप उघडं हवं.

ज्यांच्याकडे माळ्यावर पीएसपी पडलाय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. ६.६१ वर कस्टम फर्मवेअर, म्हणजे लोकांनी बदललेलं फर्मवेअर, चालतं, आर्क ४ हे त्यातलं एक, त्यातून सुरुवात करा. ३००० वर ते मुळात रॅममध्ये राहतं, म्हणजे मशीन पूर्ण बंद केलं किंवा बॅटरी संपली की गेलं, परत मेनूतून एकदा चालवावं लागतं, दहा सेकंदांचं काम आहे. कायमचं बसवायचं असेल तर डेव्ही या प्रोग्रॅमरचं इन्फिनिटी नावाचं साधन आहे, पण त्यात फ्लॅशमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या कायमच्या मेमरीत, लिहिलं जातं, त्यामुळे बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला असल्याशिवाय हात लावू नका. गुरुवारी तर अजिबातच नको, आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

मेमरी स्टिक प्रो डुओ आता नवीन मिळत नाही आणि जुनी मिळाली तर भाव ऐकून परत याल, त्यापेक्षा मायक्रो एसडी बसवायचा अडॅप्टर घ्या, पुण्यात तपकीर गल्लीत विचारत गेलात तर मिळतो, मला पासोड्या विठोबाच्या बाजूने आत गेल्यावर एका छोट्या दुकानात मिळाला. दुकानातल्या काकांनी आधी विचारलं कशाला हवाय, मी सांगितलं पाढ्यांसाठी, तर त्यांनी मागच्या खणातून दोन काढून दोन्ही माझ्यासमोर लावून दाखवले आणि जो घट्ट बसला तो दिला. कार्ड मात्र चांगल्या कंपनीचंच घ्या, स्वस्तातलं कार्ड मध्येच गप्प बसतं आणि तुम्ही प्रोग्रॅममध्ये बग शोधत राहता.

आणि मशीन माळ्यावरून काढलंत की पहिलं मागचं झाकण बघा. वर आलेलं दिसलं, नीट बसत नसेल, तर आतली बॅटरी फुगली आहे. तिला चार्जिंगला लावायचं नाही, दाबायचं नाही, टोचायचं तर अजिबातच नाही. काढा, बाजूला ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या, ओल्या सुक्याच्या डब्यात नको. पीएसपी बॅटरी नसताना नुसत्या चार्जरवरही चालतो, तेव्हा नवी बॅटरी मिळेपर्यंत थांबायची गरज नाही, पाढ्यांची फाइल टाका आणि सुरू करा. कोड मी तसाच मोकळा देते आहे, शब्दांच्या चित्रांची पट्टी आणि बाबांचा आवाज दोन्हीसकट. औटकी, म्हणजे साडेतीनचे पाढे, अजून त्यात नाही, ती येत्या रविवारी रेकॉर्ड करतोय.